पणजोबा, वेढा आणि तळटीप

पुण्यात इतिहास १६३० साली सुरू होतो आणि १८१८ साली पेशवाई बुडाली की संपतो. आधी यादव होते आणि नंतर टिळक झाले, एवढी सवलत मिळते. या मधल्या काळावर पुणेकराचा जन्मसिद्ध अधिकार असतो, त्यासाठी वाचनबिचन करावं लागत नाही. टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूत वीज मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. पानिपतावर भाऊसाहेबांनी नेमकं काय करायला हवं होतं, हे ते चढण चढता चढता, धाप न लागता सांगतात. आजवर त्यांना ‘कशावरून?’ असं कोणीही विचारलेलं नाही. तशी पद्धत नाही.

माझ्या मुलीनं बीएला इतिहास घेतला तेव्हा कंपूनं माझं अभिनंदन केलं. त्यातही तिला जगाच्या इतिहासावर संशोधन करून लेख छापायचाय म्हटल्यावर मात्र सगळे गप्प झाले. शेवटी एकांनी विचारलं, “आपला संपला का वाचून?”

नव्या धोरणात पदवी चार वर्षांची झालीये. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के पडले तर चौथ्या वर्षी संशोधन करता येतं. आमची कन्या तेवढी थांबायला तयार नव्हती, तिनं तिसऱ्याच वर्षी सुरुवात केली. आमच्या वेळी फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं गाईडमध्ये मोजून दिलेली असायची. त्यात नसलेलं एखादं कारण शोधून काढलंच, तर तपासणारे सर लाल शाईनं फुली मारायचे.

पहिल्यांदा तिनं रेशीम मार्ग हा विषय निवडला होता. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, “जिथली कागदपत्रं तुझ्या हाताला लागतील असं काहीतरी घे.” त्या रात्री ती पानावर तोंड पाडून बसली होती, म्हणून मी सहज म्हणालो, “अगं, माझे पणजोबा कुतच्या वेढ्यात होते की! त्यावर लिही.”

आमच्या घराची शांतता गेली ती त्या जेवणापासून.

कुत म्हणजे काय हे पुण्यात कोणाला ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं, कारण पहिल्या महायुद्धात इथून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये जी फौज गेली तिचं नावच मुळी ‘सहावी पूना डिव्हिजन’ होतं. नोव्हेंबर १९१४ मध्ये फौजेनं बसरा घेतलं. पुढच्या वर्षी जनरल टाउनशेंड तिला तैग्रिसच्या काठाकाठानं बगदादकडे घेऊन निघाले, बगदादच्या अलीकडे तुर्कांनी अडवल्यावर मागे फिरले आणि नदीच्या वळणात वसलेल्या कुत गावात अडकले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिने वेढा चालला. शेवटी तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली.

माझे पणजोबा, म्हणजे तिचे खापरपणजोबा, त्या वेढ्यातून रात्री तैग्रिस पोहून निसटले, अशी आमच्या घरात वंशपरंपरेनं सांगितली जाणारी हकीकत आहे. मी ती हातवाऱ्यांसह सांगितली. नदीतल्या ओढीचं वर्णन करताना आमटीची वाटी थोडक्यात वाचली.

“बाबा, संदर्भ काय?”

“मी सांगतोय ना!”

“तू मौखिक साधन आहेस,” ती वहीत लिहीत म्हणाली. “तुला तपासून घ्यावं लागेल.”

बायकोला हा शब्दप्रयोग भयंकर आवडला. तेव्हापासून बिल भरलंय म्हटलं की ती विचारते, “याला दुसरं स्वतंत्र साधन आहे का?”

मौखिक इतिहासाची एक शिस्त असते म्हणे. समोरच्याला बोलतं करायचं, ध्वनिमुद्रण करायचं, आणि त्याआधी त्याच्याकडून संमतीपत्रावर सही घ्यायची. आमच्या नातेवाइकांना बोलतं करण्यात काहीच अडचण नव्हती. अडचण सहीची होती.

माझी आत्या हडपसरला राहते. वय ऐंशीच्या पुढे, स्मरणशक्ती धारदार, त्यातून गावाकडच्या जमिनीचा निकाल अजून लागायचा आहे. मुलीनं तिच्यासमोर छापील कागद ठेवला. “मी स्वेच्छेने ही माहिती देत असून तिच्या वापरास माझी हरकत नाही,” हे वाक्य आत्यानं चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि कागद उलटा करून ठेवला.

“हक्कसोडपत्र असंच गोड बोलून करून घेतात.”

“आजी, हे कॉलेजचं आहे.”

“तलाठीसुद्धा कॉलेजातच शिकलेला होता.”

मी मध्ये पडलो. त्यानं संशय पक्का झाला. मग आत्यानं साताऱ्याला काकांना फोन लावला. काकांनी सांगितलं, मी येईपर्यंत कशावरही अंगठा उठवू नकोस. (आत्या जुनी मॅट्रिक आहे, पण इस्टेटीच्या गोष्टीत आमच्याकडे अंगठाच म्हणतात.) काका आले, येताना सातबारा घेऊन आले. शेवटी संमतीपत्राच्या तळाशी “जमीनजुमल्याशी संबंध नाही” असं कन्येच्या हातचं लिहून घेऊन, त्याखाली तिची सही घेऊन, साक्षीदार म्हणून माझी घेऊन, मग दोघांनी सह्या केल्या. पदवीच्या मुलांना संशोधनाची नीतिमत्ता शिकवायला आता वेगळा तास ठेवतात. तो तास आमच्या आत्याकडे ठेवावा असं माझं मत आहे.

ध्वनिमुद्रण तास-दीड तास चाललं. त्यात पणजोबा तैग्रिस पोहले, घोड्यावरून ओलांडून गेले, आणि एकदा तर वेढा पडायच्या आदल्याच दिवशी सुटीवर आले. मुलीनं प्रत्येक हकिकतीपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मग आत्यानं डबा उघडून पदक काढलं. दर दिवाळीला ती ते चिंचेनं घासते. “मूळचं चांदीचं,” ती म्हणाली. “घासून घासून चांदी उडाली.”

मुलीनं ते हातात घेतलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला धडकी भरली. युद्धानंतर ब्रिटिशांनी हे पदक लढणाऱ्या शिपायांना चांदीचं दिलं. फौजेबरोबर गेलेले भिश्ती, मजूर अशा बिनलढाऊ माणसांना मात्र तेच पदक ब्राँझचं मिळालं. कडेवर नाव, हुद्दा, तुकडी कोरलेली असते. मोबाईलचा दिवा आणि काकांचं भिंग घेऊन आम्ही सगळे त्या कडेवर वाकलो. पिढ्यान् पिढ्यांच्या चिंचेनं तुकडी पुसून टाकली होती. नावाचं एक अक्षर उरलं होतं. हुद्दा मात्र स्वच्छ होता. सी, ओ, ओ, के.

“साहेबाचं आडनाव असेल,” काका म्हणाले.

“स्वयंपाकी,” मुलगी म्हणाली.

“शक्य नाही. आपल्या घरात पुरुष चहासुद्धा करत नाहीत.”

आत्या मात्र एकदम गप्प झाली, मग हसायला लागली. म्हणाली, “तरीच! आजीनं भाकरी थापली की आजोबा नावं ठेवायचे. आमच्या पलटणीत ही फेकून दिली असती, म्हणायचे.” हे वाक्य मुलीनं दोनदा ऐकलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं नाही. इतक्या वर्षांची पराक्रमाची कथा बाद झाली, आणि पणजीच्या भाकरीचा अपमान पुरावा म्हणून दाखल झाला.

मी शेवटचा प्रयत्न केला. “पण वेढ्यात होते ना?”

“कुतमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास बिनलढाऊ भारतीय अडकले होते. त्यामुळे शक्यता आहे.”

“बघ!”

“सिद्ध होत नाही. लाखो भारतीय मेसोपोटेमियात जाऊन आले, त्यातले बहुतेक कुतच्या बाहेरच होते.”

पुढचे काही महिने आमच्या घरात शिधा सोडून दुसरा विषय नव्हता. वेढ्यातल्या माणसांच्या जेवणाचं काय, हाच तिचा लेख झाला. सेनापतींवर खंडच्या खंड आहेत, स्वयंपाक्यांवर ओळही सापडत नाही, म्हणून ती चिडली होती. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, पण भारतीय शिपायांची नावं तिथं कोरलेली नव्हती, फक्त अधिकाऱ्यांची होती. स्वयंपाक्यांचं तर विचारूच नका. लंडनच्या दफ्तरातल्या युद्धडायऱ्या घरबसल्या उतरवून घेता येतात. पैसे पौंडांत लागले. ते माझ्या कार्डावरून गेले, हे मात्र सिद्ध होतं.

डायऱ्यांतून आणि जुन्या पुस्तकांतून निघालेली माहिती ती नेमकी आम्ही घास तोंडात घातला की सांगायची. धान्य संपत आल्यावर कुतमध्ये घोडे आणि खेचरं कापली. पुष्कळ भारतीय शिपायांनी ते मांस नाकारलं, तेव्हा भारतातल्या धर्माधिकाऱ्यांकडून बिनतारी संदेशानं परवानगी मागवावी लागली. विमानांतून पोती टाकली, त्यातली काही नदीत पडली. दळायला जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकले. वेढ्यातल्या माणसांना आकाशातून रसद पुरवण्याचे जे अगदी सुरुवातीचे प्रयत्न झाले, त्यांतला हा एक. सुटकेसाठी ब्रिटिशांनी तुर्कांना वीस लाख पौंड देऊ केले आणि तुर्कांनी नाकारले, हे ऐकून काका दिवसभर अस्वस्थ होते. जमिनीच्या व्यवहारात इतकं ताणून धरू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शरणागतीनंतर टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले आणि त्यांचा कुत्रा तुर्कांनी सन्मानानं इंग्रजांकडे परत पाठवला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि त्यांतले हजारो परत आलेच नाहीत. हे ऐकल्यावर आत्यानं साहेबाला मराठीत जे काही म्हटलं, ते संमतीपत्र असूनही लेखात घेता आलं नाही.

लेख तयार झाल्याची बातमी कशी फुटते कोण जाणे, पण मुलीला पत्रं येऊ लागली. “आदरणीय डॉक्टर महोदय, आपले थोर संशोधन आमच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात परवापर्यंत प्रसिद्ध करू. सोबत प्रमाणपत्र. शुल्क अमुक.” बीएच्या मुलीला डॉक्टर म्हटलेलं पाहून मी तर विरघळलो होतो. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाचे असे ढीगभर लेख छापून आलेत, त्याच्या आईनं प्रमाणपत्रं लॅमिनेट केलीत. मुलीनं ती पत्रं कचऱ्यात टाकली आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचेच लेख छापणाऱ्या परदेशी विद्यापीठाच्या एका नियतकालिकाकडे लेख पाठवला. तिथं फुकट छापतात, पण छळ करून छापतात.

लेख दोन परीक्षकांकडे गेला. पहिल्याला तो आवडला. दुसऱ्यानं तीन पानं आक्षेप लिहिले होते. त्यांतला एक असा: “तळटीप १४ मध्ये ‘लेखिकेचे वडील’ हे साधन वापरले आहे. सदर साधन अविश्वसनीय वाटते. वगळावे किंवा मर्यादा स्पष्ट कराव्यात.”

बायकोनं हा कागद छापून फ्रिजला चिकटवलाय. मला न पाहिलेला, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस तीस वर्षांच्या संसाराचा निष्कर्ष एका ओळीत काढतो, याचं तिला कौतुक आहे. मला वगळू नको म्हणून मी मुलीची मनधरणी केली. तिनं माझ्या मर्यादा स्पष्ट केल्या. त्याला अर्धं पान लागलं.

लेख छापून आला. मी दुव्यासकट टेकडीच्या ग्रुपवर टाकला. वीज मंडळवाल्या गृहस्थांनी अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, “छान. पण पानिपतावर असतं तर वाचलं असतं.”

मागच्या महिन्यात आतेभावाच्या मुलाचा साखरपुडा होता. मुलीकडच्या मंडळींच्या घोळक्यात काका मध्यभागी बसून बोलत होते. “आमचे आजोबा कुतच्या वेढ्यात होते. गोळीबार चाललाय, वरून विमान आलं, जात्याचा दगड खाली सोडला. आजोबांनी तो असा वरच्या वर झेलला, आणि सगळ्या पलटणीला पुढे महिनाभर भाकऱ्या घातल्या.”

व्याह्यांमधला एक चष्मेवाला तरुण होता, बहुधा इतिहासाचाच. त्यानं अदबीनं विचारलं, “काका, याला काही संदर्भ?”

“आहे ना,” काका म्हणाले, आणि त्यांनी ताटाशी बसलेल्या माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. “आमच्या नातीचा पेपर. परदेशात छापून आलाय. तळटीप चौदा.”