झॉर्बिंगला जाताय? मिसळ नंतर खावा!

झॉर्बिंग म्हणजे एकात एक असलेल्या दोन मोठ्या प्लास्टिकच्या चेंडूंत शिरून उतारावरनं गडगडत जायचं. त्यावरच्या एका लेखात त्याला 'लहान मुलांची मजा' म्हटलंय, ते काय पटलं नाही. आमच्याकडं सगळ्यात जास्त किंचाळल्या त्या काकी, आणि परत आत जायला पण त्याच पुढं!

एक गोष्ट लेखात राहिली. पट्ट्यांनी बांधून घेतलं की चेंडूबरोबर आपण पण डोकं खाली-पाय वर फिरतो. पाणी घातलेल्या चेंडूत मात्र बांधत नाहीत, आपण तळाला नुसतं घसरत राहतो. गरगरायला होणाऱ्यांनी हाच प्रकार घ्यावा. तांबडा-पांढरा हाणून तर कुठल्याच चेंडूत शिरू नका, बाकीच्यांवर उपकार होतील.

दोन चेंडूंमधल्या हवेमुळं मार कमी लागतो हे खरं, पण आतून ब्रेक मारता येत नाही भावांनो. 2013 मध्ये रशियात डोंबाईला असाच एक चेंडू उतारावरनं भरकटून दरीत गेला, आतला एक माणूस दगावला. म्हणून पन्हाळा, जोतिबाचे उतार बघून कुणाला हुक्की आली तर आवरा. मसाई पठार सपाट दिसतं खरं, पण कडेला दरीच आहे. चारी बाजूंनी बांध असलेलं मैदान असेल तरच पैसे द्या. चष्मा आणि मोबाईल बाहेर कुणाकडं तरी देऊन जावा.