आजीचं खोबरेल आणि लेकीचं कपाळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तेलकट चेहऱ्याला खोबरेल लावू नका, त्यापेक्षा जोजोबा (एका वाळवंटी झुडपाच्या बियांचं तेल) बरं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, "माझ्या आजीनं जन्मभर खोबरेलच लावलं, शेवटपर्यंत चेहरा तुकतुकीत होता. लेकीलाही मी तेच लावते, तिची मुरमं वयाची आहेत. तुम्हाला आपलं ते वाईट आणि जोजोबा तेवढं चांगलं!"

आजीचं मला पटतं. कोरड्या त्वचेला खोबरेल मानवतं. फिलिपिन्समध्ये 2004 साली कोरड्या त्वचेवर खोबरेल आणि मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून केलेलं तेल) यांची तुलना झाली, त्यात खोबरेल कुठेही कमी पडलं नाही. अंघोळीनंतर अंग किंचित ओलं असतानाच हातापायांना चोळावं, माझी आईही तेच करते.

अडचण तेलकट चेहऱ्याची आहे, त्यातून मुंबईच्या दमट हवेची. पहिली नोकरी लागली तेव्हा मी डोंबिवलीहून सीएसएमटीला जायचे. रात्री चेहऱ्याला खोबरेल, सकाळी लोकलच्या गर्दीत घामाच्या धारा. तीन आठवड्यांत कपाळावर, केसांच्या कडेनं बारीक पुटकुळ्या उठल्या. आरशात धड दिसायच्या नाहीत, पण बोट फिरवलं की रवा लागावा तशा लागायच्या. तेल बंद केलं आणि दीडेक महिन्यात कपाळ साफ झालं. एका माझ्यावरून मी सांगत नाही. खोबरेलानं छिद्रं बुजतात म्हणून मुरमं असणाऱ्यांना त्वचेचे डॉक्टरही ते चेहऱ्याला लावू नका म्हणतात.

जोजोबाबद्दलचा तुमचा राग मात्र रास्त आहे. ते खरं तर तेल नव्हेच, पातळ मेण आहे. आपल्या त्वचेच्या स्निग्धांशातही तशी मेणं असतात, म्हणून सुचवलं होतं. पण ते महाग पडतं, आणि आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडची करडई मी लेखात विसरले, ही माझी चूक. नेहमीच्या करडई तेलात सत्तर टक्क्यांच्या आसपास लिनोलिक आम्ल हा स्निग्ध घटक असतो, आणि मुरमं येणाऱ्यांच्या त्वचेच्या तेलात नेमकं तेच कमी आढळतं. म्हणून मुरमं बरी होतील असं मी म्हणणार नाही. पण तेल लावायचंच असेल तर हे पातळ तेल, तेही दोन-तीन थेंब. लवकर खवट होतं, तेव्हा लहान बाटली आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

परदेशी ते चांगलं, असं मी मानत नाही. ऑलिव्ह ऑइल मी कोरड्या त्वचेलाही सुचवत नाही. त्यात ओलिक आम्ल हा दुसरा स्निग्ध घटक भरपूर, आणि त्यानं त्वचेचा संरक्षक थर कमकुवत होतो, हे इंग्लंडमधल्या 2013च्या अभ्यासात दिसलंय. उलट टाचांच्या भेगांना कोकणातल्या मुठेलासारखं काही नाही! कोकमाच्या बियांचा तो कडक गोळा जरा गरम करायचा, भेगांत भरायचा आणि वर मोजे घालून झोपायचं.

आता लेकीचं. सहा आठवडे तिच्या चेहऱ्याला कुठलंच तेल लावू नका. केसांना लावलंत तर कपाळावर ओघळू देऊ नका. दुखऱ्या गाठी असतील तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. नंतर नवं तेल लावायचं झालं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस बघा.

आणि आज रात्री तिच्या कपाळावर, केसांच्या कडेनं बोट फिरवून बघा. रव्यासारखं लागतंय का, ते मला इथेच कळवा.