दुसऱ्या खेपेच्या गाळण-चकत्यांबद्दल उत्तर

नमस्कार,

सच्छिद्रता (चकतीतल्या रिकाम्या जागेचा वाटा) 40 टक्के सांगूनही माती आणि भुसा मिसळून भाजलेल्या दुसऱ्या खेपेच्या चकत्यांतून पाणी निम्मंच उतरतं, आम्ही भुसा वाचवला आणि फुटलेली एक चकती आतून काळी निघाली, अशी तुमची तक्रार आहे. पाणी कमी उतरतं हे खरं, काळा गाभाही खरा. भुसा मात्र कमी केलेला नाही. फरक चाळणीचा आहे.

पहिल्या खेपेचा भुसा 30 मेशच्या चाळणीतून काढला होता (म्हणजे इंचाला 30 भोकं, भोक साधारण 0.6 मिलिमीटर), दुसऱ्या खेपेचा 40 मेशमधून (0.42). वजन तेच, म्हणून भुसा जळून रिकामी होणारी जागाही तेवढीच. फक्त छिद्रं बारीक झाली. सच्छिद्रता सारखी असेल तर प्रवाह ढोबळ मानाने छिद्राच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. 0.42 भागिले 0.6 म्हणजे 0.7, आणि 0.7 चा वर्ग 0.49, म्हणजे प्रवाह निम्मा. चाळणी बदलल्याचं खोक्यावर लिहायला हवं होतं, ते राहिलं. चूक आमची.

टक्केवारी तुम्हालाही तपासता येईल. चकती पूर्ण सुकवून तोला, 5 तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात थंड होऊ द्या. मग एकदा पाण्यात टांगून आणि एकदा बाहेर काढून, ओल्या फडक्याने टिपून तोला. (कोरडं फडकं छिद्रांतलंही पाणी ओढतं.) कोरडी 300 ग्रॅम, ओली 376, टांगलेली 186 भरली, तर छिद्रांतलं पाणी 376 वजा 300 म्हणजे 76, चकतीचं एकूण आकारमान 376 वजा 186 म्हणजे 190, आणि 76 भागिले 190 म्हणजे 40 टक्के. छिद्रं केवढी आहेत, हे मात्र या चाचणीत कळत नाही.

काळा गाभा हा भट्टीतला दोष. भुसा मुख्यतः 300 ते 500 अंश सेल्सिअसमध्ये जळतो. तिथे घाई झाली किंवा चकत्या एकीवर एक रचल्या, की आत हवा पोचत नाही. कोळसा उरतो आणि वाटा अडवतो. या टप्प्यात आम्ही तासाला 60 अंशांपेक्षा जास्त चढू देत नाही, पण रचताना मधली फट सुटली नव्हती. अशा चकत्या बदलून देऊ.

तुम्ही सुचवलेलं 1100 अंशांचं भाजणं मात्र नको. 900 च्या आसपास या लाल मातीचे कण एकमेकांना जेमतेम चिकटतात, आणि तेवढंच हवं असतं. त्याहून वर माती मऊ पडून काच धरू लागते, चकती आकसते, छिद्रं मिटतात. चकती टणक होईल, वाजवली तर खणखणेल, पण पाणी उतरणार नाही.

बदली कोणत्या मेशची हवी ते कळवा. 30 मध्ये पाणी भराभर उतरतं, पण बारीक गाळ थोडा निसटतो. 40 मध्ये उलट. आणि नवी चकती दिवसभर भिजवून मगच प्रवाह मोजा, आत हवा अडकलेली असली की आकडा कमी येतो.