ॲटोसेकंद दिव्याने साखर उतरत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज माझ्या मावशीकडे पोचला आणि तिने मला विचारलं, ‘हा दिवा घेतला तर इन्सुलिन कमी करता येईल का गं?’ म्हणून हे लिहितेय. मेसेज म्हणतो : शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रकाशाने इलेक्ट्रॉनचा फोटो काढला, त्यासाठी नोबेल मिळालं, हायझेनबर्गचा अनिश्चिततेचा नियम खोटा ठरला, आणि त्याच ‘ॲटोसेकंद प्रकाशा’चा दिवा रोज अंगावर घेतला की मधुमेह जातो.

आधी दिवा. ॲटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग. प्रकाशाचं इतकं छोटं स्पंद, म्हणजे क्षणिक झोत, मिळवायला तीव्र लेसर निऑन, आरगॉनसारख्या वायूवर सोडतात. त्यातून निघणारा प्रकाश अतिनीलच्याही पलीकडच्या टोकाचा असतो. हवा तो शोषून घेते, म्हणून प्रयोग निर्वात नळ्यांत चालतात. टेबलावरच्या दिव्यातून तो मावशीच्या पायापर्यंत पोचणारच नाही. पोचला असता, तरी अणूतून इलेक्ट्रॉन उपटणारा प्रकाश कातडीवर घ्यायचा? आणि याच्या भरवशावर माणसं इन्सुलिन कमी करायला निघालीत, याचा मला संताप येतो.

फोटोही कुणी काढलेला नाही. नोबेलचं मानपत्रच वाचा : पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचाली अभ्यासण्यासाठी प्रकाशाची ॲटोसेकंद स्पंदं निर्माण करणाऱ्या प्रायोगिक पद्धतींबद्दल पारितोषिक. प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, त्याची ऊर्जा आणि वेळ मोजतात. हे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक, क्राउस, यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की निऑनच्या एका कक्षेतला इलेक्ट्रॉन दुसरीतल्यापेक्षा सुमारे २१ ॲटोसेकंद उशिरा सुटतो. छायाचित्राहून कितीतरी विलक्षण आहे हे!

हायझेनबर्ग शाबूत आहे. वेळ आणि ऊर्जा दोन्ही एकाच वेळी हवी तितकी नेमकी असू शकत नाहीत, हे इथेही दिसतं. स्पंद जितकं आखूड, तितका त्याच्या ऊर्जेचा पट्टा रुंद. १०० ॲटोसेकंदांना किमान १८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) आसपास. २०२३ हे पारितोषिकाचं वर्ष; विजेत्यांपैकी लुइलिए यांचं मूळ काम १९८७ चं, अगोस्तिनी आणि क्राउस यांची स्पंदं २००१ ची.

एक गोष्ट मान्य करावी लागते. म्युनिकमध्ये क्राउस यांचा गट रक्ताच्या नमुन्यांवर अवरक्त लेसर स्पंदं सोडून कर्करोगाच्या खुणा ओळखता येतात का, हे तपासतो आहे. पण ते निदानाचं संशोधन आहे, नळीतल्या रक्तावरचं. त्यात कुणाची साखर उतरवलेली नाही.

मावशी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिनचं एक युनिटही कमी करू नकोस. दिवा मागवला असशील तर आजच रद्द कर.