वाडीच्या सहभोजनाचे शास्त्रशुद्ध नियोजन

यंदाच्या मे महिन्यात आपल्या वाडीचे सहभोजन घडवून आणण्याची सद्बुद्धी आपणांस झाली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. गडग्याच्या दोन चिऱ्यांवरून किंवा बांधावरच्या एका काजूवरून तीन पिढ्या अबोला धरलेली घरे एका पंगतीला बसवणे हे काम जितके पुण्याचे, तितकेच जोखमीचे आहे. कारण नियोजनात जराशी ढिलाई झाली, तर ही माणसे खरोखरच एकमेकांशी बोलू लागण्याचा धोका असतो.

पहिली बैठक मुंबईत घ्यावी. वाडी कोकणात, जेवणही कोकणात, पण निर्णय लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत व्हायचा, ही रीत मोडू नये. गावातल्यांना तो कळवला की पुरे, मांडव घालायला आणि विहिरीचे पाणी ओढायला ते आहेतच. तारीख मात्र घाईने जाहीर करू नये. रेल्वेचे आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी खुले होई, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आले आहे. तेव्हा सुट्टीतली तिकिटे हातोहात संपल्यावर, सहभोजनाला 55 दिवस उरले असताना तारीख कळवावी, म्हणजे प्रत्येकाला येण्याची तळमळही दाखवता येते आणि न येण्याचे सज्जड कारणही मिळते. तरीही यायचेच म्हणणाऱ्यांसाठी मुंबई-गोवा महामार्ग आहे. त्याचे चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे, हे ध्यानात घेता आपल्या मांडवाला चार दिवस उशीर झाला, तर कोणी नावे ठेवू नयेत.

वर्गणी घरटी घ्यावी की चुलीगणिक, हा प्रश्न शेवटपर्यंत सोडवू नये. वर्गणी देताना एक असणारे घर पंगतीला बसताना तीन चुलींचे होते, आणि हा चमत्कार पाहण्याचा आनंद दरवर्षी मिळायला हवा.

जेवणात वडे-सागोती असावी, असा आग्रह धरणाऱ्यांपुढे माळकरी, सोमवार पाळणारे आणि डॉक्टरांनी बंदी घातलेले अशी फळी उभी करावी, की गाडी आपोआप काळ्या वाटाण्याच्या उसळीवर येते. कोणी माशांचे नाव काढलेच, तर तारीख हळूहळू जूनमध्ये ढकलावी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि वर मृगाचा पाऊस मांडवासकट सगळेच वाद धुऊन नेतो.

सर्वांत मोठे काम मानाचे. नारळ कोणी फोडायचा यावरून सहभोजन निदान दोनदा रद्द झाल्याशिवाय त्याला सहभोजन म्हणू नये. अखेरीस जाणता मानकरी देवाला गाऱ्हाणे घालील आणि प्रत्येक मागणीला सगळी वाडी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणेल, त्यात वर्गणी न दिलेल्यांचा आवाज सर्वांत खणखणीत असेल. या दोन मिनिटांच्या एकमताची इतिवृत्तात नोंद करू नये, पुढे अडचण होते. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, म्हणून भाषणे 7 ला सुरू करावीत आणि मुलांचे नाच बरोबर 10 ला ठेवावेत.

आता टोपाविषयी. वाडीच्या मोठ्या टोपाच्या काठावर तो देणाऱ्या आजोबांचे नाव ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेले आहे आणि टोप त्यांच्या नातवाकडे असतो. झाकण मात्र समोरच्या घरी आहे, आणि या दोन घरांत अबोला असल्यामुळे सोलकढीवर दरवर्षी केळीचे पान झाकले जाते. ही व्यवस्था उत्तम आहे, बदलू नये. खरी दक्षता जेवणे उरकल्यावर घ्यायची. विहिरीपाशी एका घरची सून टोप तिरका धरून बसलेली असते, दुसऱ्या घरची नारळाच्या सोडणाने आणि राखेने तो आतून घासत असते, आणि हळूहळू दोघींचे काहीतरी बोलणे सुरू होते. असे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता, शिल्लक राहिलेले 340 रुपये कोणाकडे ठेवायचे, हा विषय मोठ्याने काढावा.