डेस्कटॉप आणि सर्व्हर एकाच क्लस्टरवर: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आयटीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. (त्यातले शब्द आधी सांगतो: व्हीएम म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेलं आभासी मशीन, होस्ट म्हणजे ज्यावर अशा व्हीएम चालतात ते खरंखुरं मशीन, क्लस्टर म्हणजे होस्टचा गट.) त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी वेगळे होस्ट ठेवणं म्हणजे पैशाची नासाडी. सगळे होस्ट एका क्लस्टरमध्ये घ्या. सर्व्हरचा रिसोर्स पूल (सीपीयू-मेमरीच्या वाटणीसाठी केलेला व्हीएमचा गट) हायवर ठेवा, डेस्कटॉपचा नॉर्मलवर, बाकी डीआरएस (होस्टवरचा भार आपोआप वाटणारी सोय) बघून घेईल. डेस्कटॉप एकसारखे असल्याने मेमरीही वाचते. लायसन्सही एकदाच लागतं. व्हीएम एकमेकांपासून वेगळ्याच असतात, त्यामुळे सुरक्षेची काळजी नको.’

काल टीममधल्या नव्या मुलीने हाच मेसेज पाठवून विचारलं, ‘शनिवारी करून टाकूया का?’ नको. का नको, ते मुद्द्यांनुसार सांगतो.

सगळ्यात घातक सल्ला त्या दोन पूलांचा आहे, कारण तो ऐकायला अगदी शहाणपणाचा वाटतो. व्हीस्फीअरमध्ये, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या प्रणालीत, हाय पूलला सीपीयूचे ८००० शेअर्स (ओढाताणीत कोणाला किती वाटा, ते ठरवणारे आकडे) मिळतात आणि नॉर्मल पूलला ४०००. लिहिणाऱ्याला वाटतं की सर्व्हरला डेस्कटॉपच्या दुप्पट हक्क मिळाला. पण शेअर्स पूलला मिळतात आणि आतल्या व्हीएममध्ये वाटले जातात. हाय पूलमध्ये एकाच आकाराचे २० सर्व्हर असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४०० येतात. नॉर्मल पूलमध्ये २०० डेस्कटॉप असतील, तर प्रत्येकाला २०. म्हणजे दोनास एक नव्हे, वीसास एक. सकाळी नऊला सगळे एकदम लॉगिन करतात, सीपीयूची ओढाताण सुरू होते, आणि शेअर्स नेमके तेव्हाच लागू होतात. मग माउस अडकतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं.

याहून वाईट म्हणजे पूलच्या बाहेर, थेट क्लस्टरखाली राहून गेलेली व्हीएम. नॉर्मलवरच्या व्हीएमला दर व्हीसीपीयूमागे (व्हीएमला दिलेल्या आभासी सीपीयूमागे) १००० शेअर्स असतात. व्हीएमवेअरच्या रिसोर्स मॅनेजमेंटच्या दस्तऐवजात स्पष्ट आहे की पूलचे डीफॉल्ट शेअर्स ४ व्हीसीपीयू आणि १६ जीबीच्या व्हीएमइतके धरलेले असतात. म्हणजे बाहेर विसरलेला ४ व्हीसीपीयूचा एक फाइल सर्व्हर दोनशे डेस्कटॉपच्या अख्ख्या पूलच्या बरोबरीने सीपीयू मागतो! व्हीस्फीअर ७ पासून स्केलेबल शेअर्सचा पर्याय आहे. तो सुरू केला की पूलचं वजन आतल्या व्हीएमच्या संख्येप्रमाणे बदलतं, पण तो आपोआप सुरू नसतो. सुरू करणार नसाल तर पूलचे आकडे हाताने मांडा आणि व्हीएम वाढल्या की पुन्हा मांडा. निव्वळ फोल्डरसारखी मांडणी हवी म्हणून पूल करूच नका, त्यासाठी फोल्डर आहेत.

‘डीआरएस बघून घेईल’ हेही अर्धवट. डीआरएस व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवतो, नवे कोअर आणत नाही. नऊ वाजता सगळेच होस्ट भरलेले असतील तर हलवणार कुठे? शिवाय अशा प्रत्येक हलवण्याला, म्हणजे व्हीमोशनला, स्वतःचा सीपीयू आणि नेटवर्क लागतं. त्या वेळी होस्टच्या सरासरी वापरावर विसंबू नका, सीपीयू रेडी पाहा, म्हणजे व्हीएम तयार असूनही कोअरची वाट पाहण्यात गेलेला वेळ. रिअलटाइम आलेखात तो आकडा २० सेकंदांतल्या मिलिसेकंदांचा असतो. ८ व्हीसीपीयूच्या डेटाबेस सर्व्हरवर ८००० दिसले, तर आधी २०००० ने भागा, म्हणजे ४० टक्के, आणि मग ८ ने, म्हणजे दर व्हीसीपीयूमागे ५ टक्के. मी इथूनच लक्ष घालायला लागतो, १० च्या वर गेलं की तक्रारी येतातच. ऑफिसच्या साध्या कामाला एका कोअरमागे ६ ते ८ डेस्कटॉप व्हीसीपीयू चालून जातात. डेटाबेसला तेवढी गर्दी सोसत नाही. दोघांना एकाच होस्टवर बसवलं की सर्व्हरचं प्रमाण पाळावं लागतं आणि बचत तिथेच संपते.

मेमरी वाचण्याचा मुद्दा जुना झाला. वेगवेगळ्या व्हीएममधली मेमरीची सारखी पानं एकत्र करणं ईएसएक्सआयने (होस्टवर चालणाऱ्या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरने) सुरक्षेच्या कारणावरून कधीच डीफॉल्टने बंद केलंय. जेवढी मेमरी द्याल तेवढी लागेल असंच धरून चाला.

लायसन्सचंही तसंच. विंडोज सर्व्हर डेटासेंटरच्या लायसन्समध्ये विंडोज ११ चे डेस्कटॉप येत नाहीत, त्यांचा हक्क वेगळा घ्यावा लागतो. उलट कोअरवर मोजल्या जाणाऱ्या सर्व्हर लायसन्सखाली आता डेस्कटॉपचे होस्टही येतात, कारण सर्व्हर तिथे जाऊ शकतो. ते टाळायला ‘मस्ट’ प्रकारचा व्हीएम-होस्ट नियम (ठरावीक व्हीएम ठरावीक होस्टवरच चालेल असा) लावाल, तर मग क्लस्टर एकत्र केलाच कशाला?

सुरक्षेबद्दलचं वाक्य वाचून खरंच राग आला. मार्च २०२५ मध्ये व्हीएमवेअरमधली सीव्हीई-२०२५-२२२२४ ही सुरक्षा त्रुटी जाहीर झाली: व्हीएममध्ये ॲडमिन हक्क असलेला हल्लेखोर होस्टवर कोड चालवू शकतो, आणि त्याचा प्रत्यक्ष वापर झाल्याचं संकेत देणारी माहिती असल्याचं ब्रॉडकॉमनेच (व्हीएमवेअरच्या मालक कंपनीने) सांगितलं. डेस्कटॉप म्हणजे दिवसभर मेल उघडणारी, लिंकवर क्लिक करणारी मशीन. तिच्या शेजारी डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन आणि हक्क सांभाळणारा सर्व्हर) ठेवताय, हे विसरू नका.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. तीन-तीन होस्टचे दोन क्लस्टर केले तर प्रत्येकात एक होस्ट बिघाडासाठी राखीव, म्हणजे सहातले दोन अडकतात. सहाचा एकच केला तर एक राखीव पुरतो. एकूण तीन-चारच होस्ट असतील तर एकत्रच ठेवा, दुसरा मार्ग नाही. पण मग स्केलेबल शेअर्स सुरू करा, डेटाबेसला मेमरी रिझर्व्हेशन (हमखास मिळणारा वाटा) द्या आणि डेस्कटॉपचा डेटास्टोअर (फाइल साठवायची जागा) वेगळा ठेवा. एचएमध्ये (होस्ट बंद पडला की व्हीएम पुन्हा सुरू करणाऱ्या सोयीत) रीस्टार्टचा क्रम लावा: आधी डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस, मग डीएचसीपी (आयपी पत्ते देणारा), मग ब्रोकर (वापरकर्त्याला त्याच्या डेस्कटॉपशी जोडणारा), डेस्कटॉप शेवटी. नाहीतर वीज जाऊन आली की दोनशे डेस्कटॉप आधी उठतात, त्यांना आयपी मिळत नाही, आणि ज्याने तो द्यायचा तो सर्व्हर त्यांच्याच गर्दीत बूट होत असतो.