तोंड उघडं ठेवा

आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उरलेलं वर्ष नाकात धूळ जाते. त्यात समोरच्या घरी शेवभाजीची फोडणी पडली की मी गेलोच. माझ्या शिंका सौ. कुकरच्या शिट्ट्यांसारख्या मोजते. बाराव्या शिट्टीनंतर गॅस बंद करावा तशी ती एकदा म्हणाली, ''बस झालं. पाण्याने नाक धुतात ती जलनेती करा.''

योगवर्गातल्या सरांनी आधी हठयोगप्रदीपिकेतल्या सहा शुद्धिक्रिया सांगितल्या. त्यात मूळची नेती म्हणजे वीतभर सूत नाकातून घालून तोंडातून बाहेर काढायचं. हे ऐकल्यावर पाण्याची नेती मला एकदम सरबतासारखी वाटली. सर मुद्दाम घाबरवतात, असा मला संशय आहे.

कृती सोपी. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करायचं, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. नळाचं पाणी तसंच घ्यायचं नाही, हे सरांनी तीनदा बजावलं. मला बीपी. म्हणून मी मीठ चिमूटभरच घातलं. मोरीत वाकलो, मान तिरपी केली, लोट्याची तोटी उजव्या नाकपुडीला लावली.

अहो, कपाळात कुणी मिरचीचा ठेचा भरावा तशी झणझण! मीठ कमी पडलं की नाक चुरचुरतं, हे सर सांगत होते तेव्हा मी शिंकत होतो. घाबरून तोंड मिटलं, तसं पाणी घशात. आपल्याकडे म्हणतात नाक दाबलं की तोंड उघडतं. इथे तोंड उघडं ठेवलं तरच नाकाचं काम होतं. श्वास तोंडानेच.

आई दारात उभी. ''नाकमा पानी गयं तं मानूस बुडस. तू लोटा लिसन बुडी ऱ्हायना!''

तिसऱ्या दिवशी मीठ मापात घातलं. आणि डावीकडून शांतपणे धार लागली. खरंच सांगतो, पाटाला पहिलं पाणी सुटल्यावर शेतकऱ्याला होतो तो आनंद मला मोरीत झाला. सगळ्या घराला बोलावून दाखवलं. कुणी आलं नाही.

त्या आनंदात शेवटची पायरी राहिली. नंतर पुढे वाकून, मान इकडेतिकडे वळवत, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच फुंकत आत अडकलेलं पाणी काढायचं असतं. मी सरळ धरणगावला फुईकडे, म्हणजे आत्याकडे गेलो.

दारातच तिच्या पाया पडायला वाकलो आणि सकाळचं पाणी तिच्या पावलांवर टपटपलं. बाजूला बसलेल्या चार बाया गप्पच झाल्या. फुईने मला उठवलं, पदराने माझं नाक पुसलं.

''रडू नको रे भाऊ, माले काय व्हयनं?''

आणि कमरेच्या पिशवीतून शंभराची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. मी पुन्हा वाकलो नाही.